पहिली-दुसरीला इंग्रजीचा तास घ्यायचाय? एबीसीडी फळ्यावर लिहायच्या आधी हे वाचा

आमच्या शाळेत दरवर्षी डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायचा कोर्स करणारी मुलंमुली इंटर्नशिपला येतात आणि इंग्रजीचा तास म्हटलं की जवळपास सगळे एकच करतात. फळ्यावर ए टू झेड काढायचं, पट्टी एकेका अक्षरावर ठेवायची, 'से आफ्टर मी', पोरं घसा फोडून ओरडतात, मुख्याध्यापक खिडकीतून बघून खूश. मग आठवड्याने तोच छात्राध्यापक येऊन म्हणतो, मॅडम एबीसीडी तोंडपाठ आहे यांना पण मधलंच 'एम' विचारलं की 'ए'पासून म्हणत येतात हो. येणारच ना. गाणं पाठ झालंय, अक्षर कुठे ओळखलंय.

यात तुमची चूक कमी आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे तुम्ही स्वतः असंच शिकलात, आणि शिकवायची वेळ आली की माणूस आपल्या बाईंनी जसं शिकवलं तसंच शिकवतो, अध्यापन पद्धतीचा पेपर कितीही चांगला गेलेला असो.

खालचं सगळं मराठी माध्यमाच्या झेडपी शाळेतल्या पहिली-दुसरीसाठी आहे, हातात साधारण पाच-सहा आठवडे आहेत असं धरून. क्रम लक्षात ठेवा: आधी कान, मग हातपाय, मग तोंड, मग डोळे, आणि पेन्सिल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण पेन्सिलीपासून सुरू करतात, तिथेच गाडी रुळावरून उतरते.

१. पहिले तीन दिवस: मागे बसा, शिकवू नका

हे कोणालाच पटत नाही. आल्या दिवशीच पाठ घ्यायची घाई असते कारण पाठांची संख्या भरायची असते. पण तीन दिवस सतरंजीवर पोरांच्या मागे बसा आणि वहीत फक्त तीन गोष्टी लिहा.

पहिली, नावं. हजेरीपटावरची नाही, हाक मारायची. दुसरी, कोण घरी काय बोलतं. मेळघाटात कोरकू असेल, नंदुरबारकडे पावरी, भिली, तांड्यावरची पोरं गोरमाटी बोलतात, वीटभट्टीवरून आलेलं एखादं हिंदी. हे का महत्त्वाचं, तर ज्या पोराला प्रमाण मराठीच अजून नवी आहे त्याला तुम्ही 'स्टँड अप म्हणजे उभे राहा' असं समजावलं तर तुम्ही एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या परक्या भाषेत सांगताय. त्याला हाताने खूण करून दाखवलेलंच कळेल. तिसरी गोष्ट, वर्ग किती मिनिटांनी चुळबुळायला लागतो. घड्याळ लावून बघा, पहिलीत एका कामाला सात-आठ मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

शाळा द्विशिक्षकी असेल तर पहिली-दुसरी एकत्रच मिळेल. घाबरू नका, उलट सोपं जातं. ऐकायचं-बोलायचं काम सगळ्यांचं एकत्र घ्या, दुसरीची पोरं पुढाकार घेतात, पहिलीची बघून करतात. वेगळं करायचं ते फक्त वाचन-लेखनाला.

*तपासा:* चौथ्या दिवशी सकाळी पट न बघता सगळ्या पोरांना नावाने हाक मारता येते का? नसेल तर अजून एक दिवस मागेच बसा.

२. पोरांकडे आधीच असलेलं इंग्रजी गोळा करा

याच तीन दिवसांत मधल्या सुट्टीत पोरांशी गप्पा मारा आणि त्यांच्या तोंडून येणारे इंग्रजी शब्द लिहून काढा. बॅट, बॉल, आऊट, बस, तिकीट, स्टँड, बिस्किट, चॉकलेट, डॉक्टर, इंजेक्शन, फॅन, बल्ब, चार्जर, बॅटरी, पाईप, पंप, मोटर, गेट, सायकल. साठ-सत्तर शब्द सहज निघतात.

माझ्या वर्गात एक पोरगा होता, महिनाभर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही त्याने. एक दिवस शाळेबाहेर ट्रॅक्टर बंद पडला तर हा खिडकीत जाऊन सुरू झाला, क्लच, ब्रेक, गिअर, रिव्हर्स, सायलेन्सर. मी फळ्यावर ट्रॅक्टरचं चित्र काढलं, खडू त्याच्या हातात दिला आणि त्या दिवशीचा तास त्यानेच घेतला. पुस्तकातल्या 'एक्स फॉर झायलोफोन'पेक्षा हे शब्द सोन्यासारखे आहेत, कारण अर्थ आधीच माहितीये, तुम्हाला फक्त आवाज आणि अक्षर जोडायचंय. झायलोफोन आमच्या गावात कोणी पाहिलेला नाही, मीपण नाही.

*थांबा:* पोरं 'ब्याट', 'डाक्टर', 'इंजिशन' म्हणतील. हसू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका. तुम्ही बोलताना नीट 'बॅट', 'डॉक्टर' म्हणत राहा, तेवढं पुरतं. एकदा वर्ग एखाद्याला हसला की ते पोरगं तुमच्या इंटर्नशिपभर बोलत नाही.

३. आपली पंचवीस वाक्यं पक्की करा

आता तुमची तयारी. तुमचं इंग्रजी कच्चं आहे याची लाज बाळगू नका, पहिलीच्या तासाला लागतात तरी किती वाक्यं? लुक ॲट मी. कम हिअर. सिट इन अ सर्कल. गिव्ह मी द बॉल. पुट इट इन द बॅग. हूज नेक्स्ट? ट्राय अगेन. व्हेरी गुड. टेक वन, पास इट ऑन. अशी पंचवीस लिहा, मार्गदर्शक शिक्षकांकडून किंवा कॉलेजच्या इंग्रजीच्या मॅडमकडून एकदा तपासून घ्या आणि पाठ करा, अगदी रोज आंघोळीला म्हणा.

तपासून घ्या म्हणते कारण दरवर्षी त्याच त्या चुका ऐकू येतात. 'डोन्ट टॉकिंग'. 'व्हाय यू आर टॉकिंग?' 'रिपीट अगेन'. 'ओपन द फॅन'. मोठ्यांमध्ये हे खपून जातं हो, पण पोरगं पहिलीत जे ऐकतं ते दहावीपर्यंत तसंच बोलतं.

मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. दोनच गोष्टी बघायच्या. एक, 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात का आणि 'वन' म्हणताना ओठ गोल होतात का, आपण मराठी माणसं दोन्हीला एकच 'व' लावतो. दोन, वाक्य फार भरभर जातंय का. ॲक्सेंट मारू नका, साध्या स्वच्छ आवाजात बोला. पुस्तकात क्यूआर कोड असेल तर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर पाठाचं काय मिळतंय ते आदल्या दिवशी घरी ऐकून ठेवा, वर्गात रेंज असेलच या भरवशावर तास उभा करू नका.

४. टाचण: पोरांसाठी लिहा, सहीसाठी नाही

टाचण म्हणजे तासाचं आधी लिहून ठेवलेलं नियोजन. त्या वहीत उद्दिष्टाच्या रकान्यात काय असतं बघा, 'विद्यार्थ्यांमध्ये इंग्रजी विषयाची गोडी निर्माण होईल'. गोडी मोजणार कशी? त्याऐवजी लिहा: 'दहा वस्तूंपैकी सांगितलेली वस्तू किमान आठ वेळा बरोबर उचलतील'. हे तासाच्या शेवटी दिसतं.

अध्यापक कृतीच्या रकान्यात 'शिक्षक सूचना देतील' असं लिहू नका, जी सूचना देणार ती अक्षरशः लिहा, शब्दन् शब्द. सूचना आयत्या वेळी सुचली की ती लांबते, लांबली की मराठीत जाते.

पस्तीस मिनिटांचे तुकडे साधारण असे: पाच मिनिटं कालचं परत, दहा मिनिटं नवीन (पाच-सहाच शब्द, जास्त नाही), दहा-बारा मिनिटं खेळ, उरलेल्यात चार-पाच पोरांना एकेकटं विचारणं. शेवटचा तुकडा सगळे खातात, खेळ रंगतो आणि घंटा होते. तो खाऊ नका, पोरांना खरंच काय आलं ते तिथेच कळतं.

साहित्याचं थोडक्यात. कार्डशीटचे अर्धे तुकडे, पुढे फक्त चित्र, मागे इंग्रजी शब्द, मराठी शब्द कुठेच नाही. पण खरी वस्तू मिळत असेल तर चित्र काढण्यात रात्र घालवू नका, टोमॅटो दाखवायला टोमॅटो आणा. बाटलीची झाकणं पन्नास-साठ जमवा, त्यावर मार्करने स्मॉल अक्षरं लिहा, पुढे लागणारेत. शाळेची साहित्य पेटी कपाटावर असते, धूळ झटकून आत काय आहे ते बघून घ्या, विचारल्याशिवाय कोणी काढून देत नाही.

५. पहिला आठवडा: ऐका आणि करा, बोलायची सक्ती नाही

'शिवाजी म्हणतो' हा खेळ तुम्ही खेळलेला आहात. तोच इंग्रजी सूचना देऊन घ्यायचा. पण या क्रमाने:

१) आधी दोनच सूचना: स्टँड अप, सिट डाऊन. तुम्ही बोला आणि स्वतः करा, पोरं तुमच्यासोबत करतील.
२) तुम्ही बोला पण करू नका. पोरं एकमेकांकडे बघतील, बघू द्या.
३) तिसरी सूचना घाला, जम्प. मग टर्न अराऊंड, टच युवर नोज. रोज तीन-चार नव्या.
४) आता डोळे मिटून. इथे नक्कल बंद होते, कोणाला खरंच कळलंय ते दिसतं.
५) मगच 'शिवाजी म्हणतो'चा नियम घाला आणि आऊट झालेल्याला बाहेर बसवू नका, त्याला पंच करा. कच्चं पोरगं पहिल्यांदा आऊट होतं, आणि नेमकी त्यालाच जास्त सरावाची गरज असते.

परीक्षेच्या पेपरात या ऐका-आणि-करा पद्धतीला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात, ती मांडणारे जेम्स ॲशर, मार्कांपुरतं लक्षात असू द्या.

*थांबा:* सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'स्टँड अप, उभे राहा'. 'ओपन युवर बुक, पुस्तक उघडा'. पोरं हुशार असतात, दोन दिवसांत त्यांना कळतं की थोडं थांबलं की मराठी येतंच, मग इंग्रजी कोण ऐकणार? इंग्रजीत बोला, हाताने दाखवा, परत इंग्रजीत बोला. खेळाचे नियम मात्र सरळ मराठीत सांगा, कोणी रडलं-पडलं तर मराठीतच जवळ घ्या. मराठी बंद करा असं मी म्हणतच नाहीये, वाक्याला वाक्य जोडून भाषांतर करू नका एवढंच.

आणि 'समजलं का?' हा प्रश्न तुमच्या तोंडातून काढून टाका. त्याचं उत्तर 'होऽऽऽ' असं एका सुरात येतं, नाही समजलं तरी.

६. दुसरा आठवडा: तोंड उघडणं

पोरं आता काही शब्द आपणहून म्हणायला लागलेली असतील. नसतील तर अजून दोन-तीन दिवस द्या, गप्प बसलेलं पोरगं ऐकत असतं.

इथे आपलेच खेळ कामाला येतात. जमिनीवर खडूने मोठा गोल काढा आणि तळ्यात-मळ्यात घ्या, फक्त 'इन' आणि 'आऊट' म्हणून. 'अंडर' आणि 'ऑन' दोन दिवसांनी, बाकाऐवजी पाट किंवा दप्तर घेऊन. 'मामाचं पत्र हरवलं' मध्ये पत्राऐवजी वस्तू ठेवा, ज्याच्या मागे पडली त्याने धावायच्या आधी 'इट्स अ बॉल' म्हणायचं. पोरं धावायच्या नादात वाक्य गिळतात, गिळलं तर डाव परत, एवढा नियम पुरतो.

क्रम असा ठेवा: सगळे मिळून, मग अर्धा वर्ग, मग जोडीजोडीने, मग एकटं. सगळ्यांच्या कोरसवरून थेट एकट्याला उभं केलं की पोरगं थिजतं.

पोरगं म्हणालं 'धिस बॉल', तर तुम्ही हसून 'येस, धिस इज अ बॉल' म्हणा आणि पुढे जा. 'नो, राँग, परत म्हण' नको. पूर्ण वाक्यात उत्तर दे हा हट्टपण नको. कोणी 'व्हॉट इज धिस?' विचारलं तर घरी आपण काय म्हणतो, 'बॉल' एवढंच म्हणतो ना.

*तपासा:* मागे बसणारी तीन पोरं निवडा. त्यांना मधल्या सुट्टीत, वर्गाबाहेर, सहज दोन वस्तू दाखवून विचारा. सांगितलं तर पुढे चला. पहिल्या रांगेतल्या हुशार दोघींच्या उत्तरावर वर्गाला आलं असं धरू नका.

७. तिसरा-चौथा आठवडा: आवाज जोडून वाचन

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

'सी-ए-टी कॅट' अशी स्पेलिंगची घोकंपट्टी वाचन शिकवत नाही. सी, ए, टी ही अक्षरांची नावं आहेत, त्यांना कितीही जोडलं तरी 'सीएटी' होतं, कॅट होत नाही. पोराला लागतो तो अक्षराचा आवाज. म्हणून नावाआधी आवाज.

एका वेळी सव्वीस नाही, सहाच अक्षरं घ्या: एस, ए, टी, पी, आय, एन. स्मॉलच घ्या, कॅपिटल नंतर, पुस्तकाचं कुठलंही पान उघडून बघा, स्मॉल अक्षरंच जास्त असतात.

१) एकेक आवाज, रोज एक किंवा दोन. स्, ॲ, ट्, प्, इ, न्. ट् सारखा आवाज मराठी ट सारखा निघाला तरी बिघडत नाही.
२) आवाजाला शेपूट लावू नका. ही नंबर एकची चूक. आपण सवयीने 'सऽ, टऽ, पऽ' म्हणतो कारण क-ख-ग आपण तसेच म्हणतो, मग 'सऽ-ॲ-टऽ' जोडलं की 'सऍटऽ' असलं काहीतरी होतं आणि पोरगं गोंधळतं. पोरांना सांगा 'पाय मोडलेला स्', 'पाय मोडलेला ट्'. दुसरीच्या पोरांना पाय मोडणं माहिती असतं, पटकन समजतं. हा आपला फायदा आहे, वापरा.
३) पहिले शब्द ताणता येणाऱ्या आवाजाने सुरू होणारे घ्या. स् आणि न् ताणता येतात, स्स्स्ॲट्. प् आणि ट् ताणता येत नाहीत, लगेच तुटतात. म्हणून आधी सॅट, सिट, सिप, नॅप, मग पॅन, पिन, टॅप, टिन.
४) झाकणं काढा. तीन झाकणं जरा लांब लांब ठेवा, आवाज म्हणत म्हणत एकमेकांजवळ सरकवा, चिकटली की शब्द. मग एकच झाकण बदला, पिनचं टिन, टिनचं टिप. पोरांना ही जादू वाटते, अक्षरशः भांडतात मी करतो मी करतो म्हणून.
५) सहा अक्षरं पक्की झाली की पुढची चार. घाई नको, सहा आठवड्यांत बारा-चौदा अक्षरांचे आवाज आणि त्यातून वाचता येणारे वीस-पंचवीस शब्द एवढं झालं तरी पुष्कळ.

*थांबा:* दोन शॉर्टकट सगळीकडे दिसतात, दोन्ही टाळा. एक, पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर पेन्सिलने देवनागरी लिहून देणं. पोरगं वरचं मराठी वाचतं, खालच्या इंग्रजीकडे डोळासुद्धा जात नाही, आणि पालक खूश की आमचा बाळ्या इंग्रजी वाचतो. दोन, इंग्रजी बाराखडी, 'बी ए बा, बी आय बी'. आपलं नाव इंग्रजीत लिहायला ती बरी आहे, पण तिच्या जोरावर इंग्रजी वाचायला गेलं पोरगं की 'नेम'चं 'नामे' आणि 'कम'चं 'कोमे' करतं. पाचवीतली पोरं अजून 'नामे' वाचताना मी ऐकलीयेत.

'द', 'इज', 'धिस', 'कम' असे आवाजाने न फुटणारे शब्द पाच-सहा असतातच, ते कार्डावर लिहून भिंतीला लावा आणि चित्रासारखे ओळखायला सांगा. त्यांचं स्पष्टीकरण देत बसू नका.

८. पेन्सिल, आता

लेखन एवढं उशिरा का, तर सहा वर्षांच्या पोराच्या बोटांत अजून ताकद यायचीये, त्यात मराठी अक्षरं लिहायची वेगळी आणि इंग्रजीची वेगळी. मराठीत सगळं वरच्या रेघेला टांगलेलं असतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. हे पोरांना सांगायचं राहून जातं आणि मग चार रेघी वहीत अक्षरं वटवाघळासारखी वरून लोंबतात.

आधी हवेत, मग जमिनीवर खडूने, मग ताटात पसरलेल्या रांगोळीत बोटाने, मग पाटीवर, मग वहीत. एबीसीडीच्या क्रमाने लिहायला लावू नका, वळणाच्या क्रमाने लावा. सी आलं की त्यातूनच ए, डी, ओ, जी निघतात. एन आलं की एम, आर, एच. स्मॉल बी आणि डी एकाच आठवड्यात तर मुळीच नको, डी पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी बी, नाहीतर पोरं वर्षभर 'बॅड'चं 'डॅब' लिहितात. डावखुऱ्या पोराला वही जरा उजवीकडे तिरकी करून द्या, हात बदलायला लावू नका.

गृहपाठाला एक अक्षर पानभर नको. एक ओळ, आणि त्यातलं सगळ्यात छान आलेलं अक्षर पोराने स्वतःच गोल करायचं.

९. निरीक्षणाचा पाठ

कॉलेजचे सर बघायला येणार म्हटलं की एक प्रकार हमखास होतो, तोच पाठ आदल्या दिवशी घेऊन ठेवायचा. एका वर्षी आमच्याकडे एका मुलीने असंच केलं. तिने पिशवीत हात घातला, वस्तू अजून बाहेर आलीच नव्हती, तर पोरं एका सुरात 'मँगोऽऽ'. मग पुढची वस्तू यायच्या आधी 'अंब्रेलाऽऽ'. सर खाली मान घालून हसत होते. मार्क काय पडले मी विचारलं नाही.

नवीन पाठच घ्या. फक्त त्याचा खेळ पोरांनी आधी वेगळ्या शब्दांवर खेळलेला असू द्या, म्हणजे नियम समजावण्यात दहा मिनिटं जात नाहीत. नवं साहित्य त्या दिवशी एकच काढा, चार तक्ते लावले की पोरं तक्तेच बघतात. सर आल्यावर एकदम फाडफाड इंग्रजी सुरू करू नका, रोजची वाक्यं रोजच्या आवाजात. एखादं पोरगं चुकलं तर लपवायला दुसऱ्या हुशाराकडे वळू नका, तिथेच थांबून त्याला परत संधी द्या, बघणाऱ्याला तेच बघायचं असतं.

फसलं काही, तर पाठ संपल्यावर टाचणाखाली दोन ओळी लिहा, नेमकं कुठे फसलं आणि उद्या काय बदलणार. 'पाठ समाधानकारक झाला' लिहून सही घेऊ नका.

इंटर्नशिप संपताना झाकणांची पिशवी आणि शब्दांची यादी घरी नेऊ नका. वर्गशिक्षकांना एका कागदावर लिहून द्या, कोणते आवाज झाले, कोणत्या पोराला कुठवर आलंय, कोण अजून डोळे मिटून करताना अडतं. नाहीतर तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर परत ए टू झेड.